खारपाणपट्ट्यात समुद्राची टाकी: शाळेसाठी, ओहोटीच्या खडपातले जीव आणून

खारपाण_मास्तर, ६ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. गाव पूर्णेच्या काठचं, पक्कं खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. पोळ्याच्या सुट्टीनंतर भूगोलाच्या तासाला भरती-ओहोटी घेत होतो. सहावीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, आपल्या हिरीचं पाणी बी खारं, समुद्राचं बी खारं. मंग आपल्या हिरीत खेकडे-शंख काहून नाही?" मी सांगितलं की समुद्र कितीतरी जास्त खारा असतो. तिनं मान हलवली, पण तिला पटलेलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही माझं उत्तर अपुरं वाटलं. वर्गात ३२ मुलं आहेत. एकानंही समुद्र पाहिलेला नाही.

तेव्हापासून डोक्यात आहे की वर्गात खाऱ्या पाण्याची एक छोटी टाकी उभी करायची. दुकानातले रंगीत मासे आणायचे नाहीत. कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीत खडकांच्या डबक्यांत जे साधे जीव दिसतात, तेच चार-पाच आणायचे. दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला जाणं होणार आहे, बहीण तिकडे दिलेली आहे.

माझ्याकडे जुनी काचेची टाकी आहे, दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. गोड्या पाण्यात गप्पी मासे वाढवण्याचा अनुभव आहे, मिठाच्या पाण्याचा शून्य. प्रश्न तीन. आमच्या विहिरीचं पाणी वापरता येईल का? मे महिन्यात ४५ अंशांत हे जीव टिकतील का? आणि हे करणं मुळात योग्य आहे का? तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर तसंच स्पष्ट सांगा, मी इथेच थांबेन.

पऱ्हाटी, ६ सप्टेंबर

मास्तर, लय चांगला इषय काढला. मी तेल्हाऱ्याकडचा. हिरीच्या पाण्याचं म्हणाल तं आमच्या हिरीचा टीडीएस, म्हंजे लिटरभर पाण्यात इरघळलेले क्षार, २८०० मिलिग्रॅम लागते. त्या पाण्यानं वावर चोपण होते, पेरलेलं उगवत नाही. मले वाटते तेच्यात मीठ वाढवलं तं समुद्र व्हाले पाह्यजे. जाणकारांनी सांगा.

जीवशास्त्र_ताई, ७ सप्टेंबर

पऱ्हाटी दादा, बऱ्याच जणांना असंच वाटतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मी अमरावतीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे टीडीएसच्या भाषेत ३५,०००. तुमची विहीर त्याच्या बाराव्या हिश्श्याइतकी खारी आहे. पण खरा फरक "किती" यात नसून "कोणते" यात आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये सोडियम आणि क्लोराइड तर आहेतच, शिवाय मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम, कॅल्शियम ४१० आणि पोटॅशियम ४०० च्या आसपास असतं. कोकणात, गुजरातेत, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, कुठेही हे प्रमाण जवळपास सारखंच राहतं. समुद्री जीवांची शरीरं त्या प्रमाणावर बेतलेली आहेत. खेकड्याला नवं कवच घट्ट करायला कॅल्शियम लागतं, त्याच्या नसा आणि स्नायू चालायला पोटॅशियम लागतं. खारपाणपट्ट्याच्या पाण्याचा हिशेब वेगळा आहे. त्यात सोडियम जास्त, बायकार्बोनेट जास्त, बाकीचं त्या तोलात नाही. वरून मिठाची पोती ओतली तरी ते फक्त जास्त खारट होईल, समुद्राचं होणार नाही.

दादांना एक जवळचं उदाहरण देते. हरियाणात रोहतकजवळ लाहली इथे मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं केंद्र आहे. तिथल्या जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात कोळंबी वाढवताना असं लक्षात आलं की खारटपणा पुरेसा असूनही कोळंबी तग धरत नाही, कारण पाण्यात पोटॅशियम कमी. मग त्यांनी पाण्यात म्युरेट ऑफ पोटॅश घालून ते भरून काढलं. आपण कपाशीला टाकतो तेच पोटॅश.

तुमच्या टाकीसाठी सरळ उपाय म्हणजे गावातल्या आरओ प्लांटचं पाणी आणि त्यात मत्स्यालयासाठी मिळणारं तयार सागरी मीठ. खडे मीठ नको, सैंधव नको, आयोडीनचं मीठ तर नकोच.

लोणारकर, ७ सप्टेंबर

ताई, मग लोणारचं पाणी? ते तर विहिरीपेक्षा कितीतरी खारं आहे आणि आपल्याच भागातलं आहे.

जीवशास्त्र_ताई, ७ सप्टेंबर

नाही दादा. लोणारच्या पाण्याचा पीएच १० च्या घरात असतो, समुद्राचा ८.१ ते ८.३. ते सोड्याचं पाणी आहे. त्यात तिथले सूक्ष्मजीव आनंदानं राहतात, २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं तेही अशाच मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे. पण समुद्री खेकडा तिथे टिकणार नाही. शिवाय ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतही आहे. तिथून पाणी, दगड, माती, काहीच उचलायचं नाही.

ओहोटीवाला, ८ सप्टेंबर

मास्तर, मी रत्नागिरी तालुक्यातला. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतो, कारण पर्यटक पिशव्या भरभरून जे नेतात ते पाहून जीव तुटतो.

करायला हरकत नाही, पण काय आणता यावर सगळं आहे. प्रवाळ, म्हणजे कोरल, मेलेलं असो की जिवंत, हात लावायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. तसंच समुद्रघोडे, समुद्रकाकडी, समुद्रपंखे आणि काही मोठे शंख. मालवणच्या सागरी अभयारण्यातून काहीही आणायचं नाही. जिथून आणाल तिथल्या मच्छीमार मंडळींना आधी विचारा. विचारलंत तर तेच तुम्हाला हाताला धरून दाखवतील.

आता आणण्यासारखं काय. खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या कातळावर, वरच्या पट्ट्यात, जिथे भरतीचं पाणी जेमतेम पोचतं, तिथे काळ्या गोल पाठीच्या गोगलगाई चिकटलेल्या असतात, नेरिटा जातीच्या. त्याच्या खाली डबक्यांमध्ये छोटे हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात घर करणारे खेकडे. कधी बोटाएवढा गोबी मासा. बस्स. दोन मोठ्या हातांच्या ओंजळीत मावेल एवढंच आणा.

हेच का, ते सांगतो. मे महिन्यात दुपारी ओहोटीला ही डबकी तासन् तास उन्हात तापतात. पाणी हाताला कोमट लागतं, कडेला मिठाची पांढरी रेघ उमटते. पावसाळ्यात त्याच डबक्यात पावसाचं गोडं पाणी पडतं. जो जीव हे दोन्ही सोसून वर्षानुवर्षं तिथे राहिला, तोच तुमच्या वऱ्हाडात राहू शकेल. खोल पाण्यातला नाजूक मासा न्याल तर तो पहिल्या उन्हाळ्यात जाईल.

दोन गोष्टींपासून लांब राहा, मुलं बरोबर असतील तर जास्तच. एक, निमुळता शंकूसारखा शंख जिवंत असेल तर हातात घ्यायचा नाही. त्यातली गोगलगाय विषारी काटा मारते, काही जातींचा दंश माणसाला जीवघेणा ठरतो. दोन, खडकावर हिरवट-तपकिरी बटणांची चादर अंथरल्यासारखी दिसते, ते झोएन्थिड. दिसायला सुंदर, पण त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. खरवडायचं नाही, हाताला जखम असेल तर शिवायचंही नाही.

खारपाण_मास्तर, ८ सप्टेंबर

दादा, हे वाचून मन निश्चिंत झालं. यादी मुलांना वाचून दाखवली. आता दोघांना एकेक प्रश्न. ताई, पाणी आधी किती दिवस तयार ठेवायचं? ओहोटीवाले दादा, भाऊबीजेला मी रत्नागिरीत असेन, त्या दिवशी ओहोटी केव्हा?

ओहोटीवाला, ८ सप्टेंबर

आमच्याकडे जुना हिशेब आहे. तिथीला पाऊण पटीनं गुणायचं, उत्तर येतं ती भरतीची वेळ. भाऊबीज म्हणजे शुद्ध द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमाराला भरती आणि त्याआधी सहा तासांवर, सकाळी सात-साडेसातला ओहोटी. रत्नागिरीला हे थोडं अलीकडे सरकतं, म्हणून सहालाच खडपावर या. आणि अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण जोरात असतं, त्यामुळे पाणी लांबवर मागे जाईल. अष्टमीच्या आसपास आला असतात तर भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असती, खडप नीट उघडंच पडलं नसतं. तुमची भाऊबीज नेमकी चांगल्या दिवशी आली आहे. दिवसाला ओहोट्या दोन असतात, त्यातली कोणती जास्त खोल जाते ते छापील तक्त्यात पाहून घ्या.

जीवशास्त्र_ताई, ९ सप्टेंबर

मास्तर, आजच सुरुवात करा. दिवाळीपर्यंत आठ आठवडे आहेत आणि ते सगळे लागतील.

जीव खातात आणि पाण्यात अमोनिया सोडतात. टाकीत दगडांवर, वाळूवर जिवाणू वाढावे लागतात. एका गटानं अमोनियाचं नायट्राइट करायचं, दुसऱ्यानं नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही जहाल, नायट्रेट बरंचसं निरुपद्रवी. गोड्या पाण्यातही हेच घडतं, पण मिठाच्या पाण्यात चुकीला जागा कमी. कारण पीएच. पीएच ७ ला एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो, ८.२ ला तोच सात-आठ टक्के होतो. आणि पाणी जितकं तापेल तितका तो वाढतो.

तर दगड घाला, पाणी भरा, मीठ विरघळवा, हवेचा पंप चालू करा, आणि जिवाणूंना खायला थोडा अमोनिया द्या. कल्हईवाल्याकडचा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच, पण त्यात भेसळीचे धातू असू शकतात, म्हणून जवळच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेतला शुद्ध मागून घ्या. ५५ लिटरला ०.४ ग्रॅम पुरे. मग दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटनं मोजत राहा. अमोनिया चढेल, उतरेल, नायट्राइट चढेल, तेही उतरेल. टाकलेला अमोनिया एका दिवसात शून्य होऊ लागला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की टाकी तयार. मुलांकडून आलेख काढून घ्या, विज्ञानाचा इतका चांगला आलेख पाठ्यपुस्तकात नाही.

दगड आपलेच चालतील. नाल्यातला काळा दगड नीट घासून उकळून घ्या. तो बेसाल्ट आहे आणि रत्नागिरीच्या खडपाचा काळा दगडही दख्खनच्या त्याच लाव्ह्याचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तुमच्या नाल्यातला दगड त्या खेकड्यांना परका नाही. तळाला थोडा शिंपल्यांचा चुरा घाला, पीएच सांभाळायला मदत होते. आणि एक काळा दगड पाण्याच्या वर डोकं काढेल असा ठेवा, नेरिटांना अधूनमधून कोरड्यावर यायचं असतं.

तांब्या-पितळेचं भांडं या पाण्याला कधीही लावू नका. पत्र्यावरून गळलेलं पावसाचं पाणीही नको, त्यात जस्त उतरतं. माशाला जे तांबं सोसतं ते खेकड्याला आणि गोगलगाईला मारतं.

पऱ्हाटी, ९ सप्टेंबर

ताईनं तांब्याचं सांगतलं, मी फवाऱ्याचं सांगतो. हे कोणी सांगत नाही अन् आपल्या भागात तेच पहिलं सांगाले पाह्यजे. दोन वर्षांमागं मी घरी टाकीत नाल्यातले झिंगे पाळले होते, ईसेक. बोंडअळीवर फवारा मारून आलो, हात धुतले, अन् टाकीतला दगड सरळ केला. सकाळी पाह्यतो तं एकूण एक झिंगा उलटा. मासे मात्र जिवंत होते. मंग कृषी सहायकाले इचारलं. ते म्हणाले, अळी अन् झिंगा दूरचे का व्हयेनात, नातेवाईकच हायेत, औषध अळीच्या नसा धरते तेच झिंग्याच्या धरते.

तुमचे शंखातले खेकडे म्हणजे झिंग्याचेच भाऊ. वावरातून आलेला माणूस टाकीत हात घालन नाही, हा नियम भितीवर लिहून ठेवा. पोट्टेबी शनिवार-रविवार वावरात जातात, त्याइलेबी सांगा. डासाची अगरबत्ती, ते लिक्विड, त्या खोलीत काहीच नोका लावू. हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात घालते.

जीवशास्त्र_ताई, ९ सप्टेंबर

दादा, या धाग्यातला सगळ्यात मोलाचा सल्ला तुम्ही दिलात. मला सुचायला हवा होता.

नागपुरी_टाकी, १० सप्टेंबर

उशिरा आलो. नागपुरात आठ वर्षं मिठाची टाकी चालवतोय, म्हणून उन्हाळ्याचं मी घेतो. लोक म्हणतात विदर्भात जमणार नाही, चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र लागेल, बिल परवडणार नाही. मी एकही उन्हाळा चिलर लावलेला नाही.

आपल्याकडे जे ऊन आहे ते कोरडं आहे, आणि कोरडी हवा हाच आपला चिलर. माठ का गार होतो? पाझरलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. टाकीच्या पृष्ठभागावर छोटा पंखा तिरपा लावा, टाकीचाच माठ होतो. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता नेतं, ती ५५ लिटर पाणी ११ अंशांनी गार करायला पुरेशी असते. अर्थात खोलीतून उष्णता परत येत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात तेवढं मिळत नाही. माझ्याकडे बाहेर ४५ असताना खोलीत ३७-३८ असतात आणि टाकी ३०-३१ वर राहते. मुंबईत हाच पंखा लावला तर इतका फरक पडणार नाही, तिथली हवा आधीच पाण्यानं भरलेली असते.

आता त्याची किंमत. उडतं ते पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून रोज काचेवरच्या खुणेपर्यंत आरओचं गोडं पाणी घालायचं. मिठाचं नाही, गोडं. याला मी वरपाणी म्हणतो. नवीन माणूस इथेच चुकतो, कमी झालं म्हणून मिठाचं पाणी घालत राहतो आणि महिन्याभरात टाकीचं लोणचं करतो.

विशिष्ट गुरुत्व १.०२५ धरा. मोजायला क्षारतेचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या. संत्र्याची गोडी बघायचा बागायतदारांचा ब्रिक्सवाला असतो तो चालत नाही, त्याची पट्टी वेगळी. आणि लाइट गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी हवाच. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, भर उन्हात दोन तासही पंप बंद राहायला नको.

खारपाण_मास्तर, २७ ऑक्टोबर

मंडळी, कळवायला उशीर झाला. १५ सप्टेंबरला मीठ आलं, दोन किलो शंभर ग्रॅम लागलं. आलेख मुलांनीच काढला आणि तो वर्गाच्या भिंतीवर आहे. पहिले १६ दिवस अमोनिया हललाच नाही. मुलं रोज विचारायची आणि मी रोज "थांबा" म्हणायचो. एक जण म्हणाला, "सर, जिवाणू आलेच नसतील आपल्या गावात." सतराव्या दिवशी पहिल्यांदा नायट्राइटची जांभळी छटा दिसली तेव्हा वर्गात टाळ्या झाल्या. रिकाम्या टाकीसाठी, दगड आणि पाण्यासाठी टाळ्या. काल अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. परवा निघतो.

ओहोटीवाला, २८ ऑक्टोबर

येताना खेकडे आणि गोगलगाई पाण्यात घालून नेऊ नका. समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या सुती कापडात, डब्यात, हवा खेळती ठेवून न्या. ओहोटीला ते तसेच राहतात, दिवसभर सहज निघतो. पाण्याच्या पिशवीत कोंडलेत तर स्वतःच्याच घाणीत गुदमरतील. मासा नेलात तर मात्र पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन, वर थर्माकोलचा खोका.

जीवशास्त्र_ताई, २८ ऑक्टोबर

माशाच्या पिशवीबद्दल एक जोड. घरी आल्यावर बंद पिशवी टाकीत तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या. पण एकदा तोंड उघडलं की रेंगाळू नका. आत साठलेला कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो, आणि प्रवासात जमलेला अमोनिया त्या क्षणी विषारी होतो.

खारपाण_मास्तर, ६ नोव्हेंबर

पोचलो. भाऊबीजेला पहाटे भाच्याला घेऊन ओहोटीवाल्या दादांनी सांगितलेल्या वेळेला खडपावर होतो. पाणी खरंच लांब गेलेलं. मी पन्नाशीला आलोय आणि डबक्यात वाकून असं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख हलतो, मग दुसरा, आणि मिनिटभरात सगळं डबकं चालायला लागतं. तिथल्या एका मच्छीमार आजींनी काय घ्यायचं ते दाखवलं आणि काय घेऊ द्यायचं नाही तेही हात धरून सांगितलं.

सहा हर्मिट क्रॅब, पाच नेरिटा, एक गोबी. शिवाय वाळूवरचे रिकामे छोटे शंख दहा-बारा, खेकडे वाढले की बदलायला. रत्नागिरीहून मुंबई, रात्रीची अमरावती एक्स्प्रेस, अकोल्याला उतरून एसटी. गोबी वाटेत गेला. पिशवीत ऑक्सिजन भरून मिळाला नव्हता, मी तरी नेला, ही माझी चूक. तो न्यायलाच नको होता. बाकी अकरा जण ठणठणीत.

सोमवारी मुलं शाळेत आली. ज्या मुलीनं प्रश्न विचारला होता ती मधल्या सुट्टीतही टाकीसमोरून उठली नाही, डबा तसाच राहिला.

पऱ्हाटी, ६ नोव्हेंबर

सर, डोयात पाणी आलं वाचून. फोटो टाका.

नागपुरी_टाकी, ७ नोव्हेंबर

गोबीचं वाईट वाटलं. त्याच्या जागी दुसरा मासा आणायची घाई करू नका. टाकी छोटी आहे, मासा नसलेला बरा. नेरिटांवर लक्ष ठेवा, रात्री काचेवरून चढून बाहेर पडतात. वर बारीक जाळी लावा. खायला फार देऊ नका. दोन दिवसांतून एकदा नखाएवढा झिंग्याचा तुकडा पुष्कळ झाला, उरलेला तासाभरात काढून घ्या.

खारपाण_मास्तर, १४ मे

सहा महिन्यांनी लिहितोय. एप्रिलच्या शेवटी टाकी घरी आणली, सुट्टीत शाळेत ती कोण पाहणार. आज बाहेर ४४, टाकी ३१. पंख्याचा उपाय तंतोतंत बसला. रोज दीड लिटर वरपाणी लागतं.

नेरिटा एक कमी झाली. जाळीच्या फटीतून निघून कपाटामागे वाळलेली सापडली. खेकडे सहाच्या सहा आहेत, त्यातल्या चौघांनी शंख बदलले. एकदा मी स्वतः पाहिलं. खेकडा जुन्या शंखाला नवा शंख तोंडाला तोंड लावून बराच वेळ चाचपत होता, पायानं आतली खोली मोजत होता, आणि मग पापणी लवते न लवते तोच मऊ पोट उचलून पलीकडे.

पण मोठी गोष्ट वेगळी आहे. गेल्या आठवड्यात घरात लग्न होतं. पाच दिवस वरपाणी राहून गेलं. परत आलो तर पातळी खुणेच्या दोन बोटं खाली, आणि क्षारता ३५ वरून ४० वर. काळजानं ठाव सोडला. एकदम गोडं पाणी ओतलं असतं तर त्यांना धक्का बसला असता, म्हणून दोन दिवसांत थोडं थोडं करून खाली आणलं. कोणी मेलं नाही. ओहोटीवाले दादा, तुम्ही डबक्याच्या कडेच्या पांढऱ्या रेघेबद्दल लिहिलं होतं, ते त्या दोन दिवसांत सारखं आठवत होतं.

त्याच संध्याकाळी ती मुलगी आली होती, रोज येते. मी मोजत असताना तिनं विचारलं, पाणी कमी झालं तर खारटपणा वाढला कसा, मीठ कोणी टाकलं? मग टाकी परत ३५ वर आली तेव्हा आम्ही एक लिटर आमच्या विहिरीचं पाणी आणि एक लिटर टाकीचं पाणी दोन परातींत गच्चीवर उन्हात ठेवलं, वर पातळ कापड बांधून. मे महिन्याचं ऊन, दुसऱ्या संध्याकाळी दोन्ही कोरडे. खरवडून सोनाराच्या काट्यावर तोललं. विहिरीचं अडीच ग्रॅमच्या आसपास, टाकीचं चौतीस भरलं. ती बराच वेळ दोन्ही पुड्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "सर, म्हणजे आपली हीर बी अशीच खारी झाली का? पाणी उडत गेलं अन् मीठ राह्यत गेलं?"

ताई, तिला मी "हो" म्हणालो. बरोबर म्हणालो ना?

जीवशास्त्र_ताई, १४ मे

बरोबर म्हणालात, आणि तिनं सप्टेंबरच्या स्वतःच्या प्रश्नाला स्वतःच उत्तर दिलं. खारपाणपट्टा म्हणजे जुन्या समुद्राचा तळ असं बरेच जण सांगतात, तसं नाही. तो पूर्णेनं आणि तिच्या उपनद्यांनी आणून टाकलेला जाड गाळ आहे. जमीन सपाट, माती चिकण, पाणी निचरत नाही, पाऊस कमी आणि ऊन तीव्र. हजारो वर्षं पाणी उडत राहिलं आणि क्षार मागे साचत गेले. तुमच्या टाकीला पाच दिवस वरपाणी मिळालं नाही तेव्हा जे झालं, तेच. तिला सांगा, जमिनीचा निचरा म्हणजे टाकीतलं पाणी बदलणं. ते झालं असतं तर विहीर खारी झाली नसती.

पऱ्हाटी, १५ मे

ताई, हे मले चाळीस वर्षांत कोणी असं सांगतलं नव्हतं. मी वावरात चर खोदून निचरा काढाले गेल्या सालीच सुरुवात केली, पण काहून काढाचा ते आज समजलं. मास्तर, त्या पोरीले माह्याकडून एक वही-पेन द्या, पैसे मी देतो.

निसर्ग_यवतमाळ, १६ मे

धागा एका दमात वाचला. मीही आमच्या शाळेसाठी विचार करतोय. एक शंका आहे. पुढे टाकी बंद करायची वेळ आली तर जीव कुठे सोडायचे? जवळच्या नाल्यात चालतील का?

ओहोटीवाला, १६ मे

नाल्यात कधीच नाही, गोड्या पाण्यात ते काही वेळात मरतील. आणि टाकीत राहिलेले जीव परत समुद्रातही सोडू नका, टाकीतला एखादा रोग तिथल्या जिवांना लागू शकतो. बंद करायची वेळ आली तर दुसऱ्या टाकीवाल्याकडे द्या. म्हणूनच मी ओंजळीएवढंच आणा म्हणालो होतो.

खारपाण_मास्तर, १७ मे

यवतमाळवाले सर, मला कळवा. तुमच्यावर तशी वेळ आली तर आमच्या टाकीत जागा करू. आमच्यावर आली तर तुम्ही करा. मीठ आणताना एकत्र मागवू, पोतं घेतलं तर स्वस्त पडतं. आज गुरुत्व १.०२५, पाणी ३०.५, वरपाणी दीड लिटर. धाकट्या खेकड्यानं सकाळी पुन्हा शंख बदलला, यावेळी त्या मुलीनं पूर्णेच्या वाळूतून वेचून आणलेला, गोगलगाईचा.